पायांच्या औषधी मालाचा एचएस कोड कसा ठरवायचा

पाकिटावर ‘मेडिकेटेड’ छापलेलं दिसलं की आयात-निर्यातीच्या कागदावर ३००४, म्हणजे औषधांचा एचएस कोड (सीमाशुल्कासाठीच्या मालाच्या वर्गीकरणाचा आकडा), लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मी इतक्या टेबलांवर पाहिली आहे की सुरुवात तिच्यापासूनच करतो. पायांच्या निगेच्या मालाची एक साधी खेप घ्या. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांवरची क्लोट्रिमॅझोल क्रीम, कुरूपावर चिकटवायची सॅलिसिलिक ॲसिडची पट्टी, औषधी साबणाची वडी, कोरड्या टाचांना मऊ करणारी क्रीम, पायाच्या वासावरचा स्प्रे आणि बोटं विलग ठेवणारा सिलिकॉन जेलचा तुकडा. सगळं एकाच इनव्हॉइसवर, ‘फूट केअर प्रॉडक्ट्स’ या एकाच वर्णनाखाली. त्यांची हेडिंग्ज, म्हणजे कोडचे पहिले चार अंक, मात्र अनुक्रमे ३००४, ३००५, ३४०१, ३३०४, ३३०७ आणि ३९२६. ‘पायाची निगा’ असं हेडिंग एचएसमध्ये नाहीच.

‘हे औषध आहे का?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. आधी वस्तूचं रूप बघा, मग तिचं काम, आणि घटकांची टक्केवारी त्यानंतर. बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्याने होतात.

नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी दोन ओळी. एचएस ही जागतिक सीमाशुल्क संघटनेची यादी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि दोनशेहून अधिक देश व प्रदेश ती वापरतात. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे, पुढचे अंक ज्या त्या देशाचे. सध्याची आवृत्ती २०२२ ची आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल, म्हणून जुन्या फाइलमधला कोड उचलताना तो कोणत्या आवृत्तीतला आहे ते बघा. वर्गीकरण सहा सर्वसाधारण नियमांनी होतं. त्यातला पहिला सांगतो की हेडिंगचे शब्द आणि विभाग व चॅप्टरच्या (कोडच्या पहिल्या दोन अंकांच्या) टिपा यांवरूनच निर्णय घ्यायचा. पायांच्या मालात नव्वद टक्के भांडण या टिपांतच मिटतं, पण त्या उघडून वाचणारे थोडे.

पायरी १: कोड शोधायच्या आधी कागद

प्रत्येक वस्तूसाठी पुरवठादाराकडून हे मागा: सगळ्या घटकांची टक्केवारीसह यादी, त्यातला क्रियाशील घटक कोणता याचा स्पष्ट उल्लेख, बाहेरच्या खोक्याचा, आतल्या ट्यूबचा किंवा बाटलीचा आणि घडी घातलेल्या माहितीपत्रकाचा वाचता येईल असा फोटो, वस्तू कशाची बनली आहे ते (पट्टी, गादी, इनसोल असेल तर थरानुसार), आणि ती कशी पॅक होऊन येते ते.

माहितीपत्रकावर मी मुद्दाम जोर देतो. एकदा माझ्याकडे पायाच्या क्रीमची फाइल आली. खोक्याचा फोटो होता, त्यावर गुलाबी टाच आणि ‘त्वचा मऊ ठेवते’ एवढंच. मी ३३०४ धरलं. माल उघडला गेला तेव्हा ट्यूबच्या मागे अगदी बारीक अक्षरांत क्लोट्रिमॅझोल १ टक्का लिहिलेलं निघालं, आणि आतल्या पत्रकात ‘बोटांमधल्या बुरशी संसर्गावर दिवसातून दोनदा, चार आठवडे’. त्या चार ओळींनी हेडिंग बदललं, वर औषध परवान्याचा प्रश्न उभा राहिला आणि माल अडकून पडला. तेव्हापासून पत्रक पाहिल्याशिवाय मी कोड सुचवत नाही.

पायरी २: रूप आधी, औषधीपणा नंतर

चॅप्टर ३० हा औषधांचा. त्याची पहिलीच टीप कोणत्या वस्तू त्या चॅप्टरमध्ये बसत नाहीत ते सांगते, आणि पायांच्या मालाला तिची दोन कलमं थेट लागतात.

एक, हेडिंग ३४०१ चा साबण आणि त्या हेडिंगची इतर उत्पादनं, त्यात औषध मिसळलेलं असलं तरी. म्हणजे बुरशीनाशक किंवा सॅलिसिलिक ॲसिड घातलेली साबणाची वडी ३४०१ मध्येच राहते. ३४०१.११ या उपशीर्षकाच्या (सहा अंकी कोडच्या) शब्दांतच ‘औषधी उत्पादनांसह’ असं आहे. त्वचा धुण्यासाठी पृष्ठसक्रिय रसायनांवर बेतलेला, किरकोळ विक्रीच्या बाटलीतला द्रव किंवा क्रीम असेल तर ३४०१.३० बघा. इथे ‘पण यात औषध आहे हो’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण टिपेने तो आधीच धरून नाकारला आहे.

दोन, ३३०३ ते ३३०७ ची प्रसाधनं, त्यांच्यात रोग बरा करण्याचे किंवा टाळण्याचे गुण असले तरी. हे कलम वाचून पुष्कळ जण दुसऱ्या टोकाला जातात आणि पायाची सगळी क्रीम ३३०४ मध्ये ढकलतात. तसंही नाही. ३३०४ चे शब्द नीट बघा: सौंदर्यप्रसाधनं आणि त्वचेच्या निगेची उत्पादनं, ‘औषधं वगळून’. म्हणजे त्वचेच्या क्रीमबाबत दोन्ही चॅप्टर एकमेकांकडे बोट दाखवतात आणि खरा प्रश्न उरतो तो तुमच्या हातातली क्रीम औषध आहे का हाच. ३३०७ मध्ये मात्र असं वगळणं नाही. म्हणून वास घालवणं हेच मुख्य काम असलेला पायाचा स्प्रे किंवा पावडर, त्यात थोडं जंतुनाशक असलं तरी, ३३०७ मध्ये राहते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वेगळ्या स्पष्टीकरणात्मक टिपांनी पायांचे दुर्गंधीनाशक ३३०४ मधून काढून ३३०७ कडे पाठवले आहेत. या टिपा म्हणजे कायद्याचा मजकूर नव्हे, पण अधिकारी आणि न्यायालयं त्यांना मोठा मान देतात.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट निकाली काढा: वस्तू पायावर काम करते की बुटावर? बुटाच्या आत फवारून तिथली बुरशी किंवा जंतू मारणारा स्प्रे शरीराला लावायचाच नसतो. त्यासाठी ३८०८, म्हणजे कीटकनाशकं-जंतुनाशकांच्या हेडिंगचा विचार करा. चित्र पायाचं असलं तरी.

पायरी ३: औषध की त्वचेची निगा

हा या कामाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

मी तीन प्रश्न विचारतो. वस्तू एखाद्या ठरावीक रोगावर किंवा तक्रारीवर आहे का? क्रियाशील घटक त्या तक्रारीवर काम करतो हे मान्य आहे का, आणि तो कामाला पुरेल इतका आहे का? लेबलवर रोगाचं नाव, मात्रा आणि वापरायची रीत दिली आहे का? युरोपीय न्यायालयाने नव्वदच्या दशकापासून जी कसोटी लावली आहे तीही हेच म्हणते: स्पष्ट ठरलेला उपचारात्मक किंवा प्रतिबंधक गुण, आणि शरीराच्या नेमक्या कार्यावर एकवटलेला परिणाम. ‘प्रतिबंधक’ हा शब्द विसरू नका. बरं झाल्यावर चिखल्या पुन्हा होऊ नयेत म्हणून लावायची बुरशीनाशक पावडरही औषधच असते.

क्लोट्रिमॅझोल १ टक्का, टर्बिनाफिन १ टक्का, टॉल्नाफ्टेट १ टक्का ही क्रीम, पावडर किंवा स्प्रे सरळ प्रकरणं आहेत. रोग ठरलेला, घटक ठरलेला, मात्रा लिहिलेली. ती ३००४. नखाच्या बुरशीवरचं अमोरोल्फिन ५ टक्के किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्क्यांचं लाखेसारखं औषधही तसंच. इथे एक बारकावा आहे. ३३०४ मध्ये ‘औषधं वगळून’ हे शब्द त्वचेच्या उत्पादनांना जोडलेले आहेत, ‘मॅनिक्युअर किंवा पेडिक्युअरची उत्पादनं’ त्यांच्या नंतर वेगळी येतात. कोणी तेवढाच धागा धरून ही बाटली ३३०४.३० मध्ये ओढू पाहील. उत्तर असं की नखाचा रोग बरा करणारं द्रावण मुळात पेडिक्युअरचं उत्पादनच नव्हे. ब्रश आणि छोटी बाटली एवढंच नखपॉलिशशी त्याचं साम्य.

दुसऱ्या टोकाला मेंथॉल आणि कापूर घातलेली, ‘थकलेल्या पायांना थंडावा’ देणारी जेल. थकवा हा रोग नाही आणि थंडावा हा उपचार नाही. पाकिटावर ‘मेडिकेटेड’ कितीही मोठ्या अक्षरांत असू दे, ती ३३०४.९९ कडे जाते. घाम शोषणारी, क्रियाशील औषध नसलेली पावडर ३३०४.९१.

खरी कसरत मधल्या मालाची, म्हणजे टाचांच्या भेगांवरच्या युरियाच्या क्रीमची. युरिया त्वचेत पाणी धरून ठेवतो आणि प्रमाण वाढलं की जाड झालेला थर सैल करतो. तोच घटक, पण कमी प्रमाणात निगा आणि जास्त प्रमाणात उपचार, आणि मध्ये कुठेही रेघ आखलेली नाही. ‘कोरडी, खरखरीत टाच मऊ करते’ असं लिहिलेली क्रीम मी ३३०४.९९ मध्ये धरीन. ‘त्वचेचा थर विकृत जाड होण्याच्या रोगावर’ असं लिहून मात्रा आणि कालावधी देणारी, औषध म्हणून नोंदलेली क्रीम ३००४ मागू शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मॉइश्चरेक्स या क्रीमचा वाद निकाली काढला. त्या क्रीममध्ये युरिया, लॅक्टिक ॲसिड आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल होतं. न्यायालयाने ती औषध ठरवली. मुद्दा उत्पादन शुल्काचा होता, पण हेडिंग्ज एचएसवरच बेतलेली. त्यातल्या दोन गोष्टी कुठेही उपयोगी पडतात: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून वस्तू प्रसाधन ठरत नाही, आणि औषधी घटकाचं प्रमाण दर वेळी निर्णायक नसतं, बरं करण्याचा गुण निर्णायक असतो.

मात्र एका देशाचा निकाल दुसऱ्या देशाच्या टेबलावर बंधनकारक नसतो. औषध नियामकाची नोंदणीही तशीच: ती चांगला पुरावा आहे, आदेश नव्हे. उदाहरणार्थ, अमेरिकेत कुरूप काढणाऱ्या विनाचिठ्ठी औषधांच्या नियमात पट्टीसाठी सॅलिसिलिक ॲसिड १२ ते ४० टक्के आणि कोलोडियनसारख्या द्रवासाठी १२ ते १७.६ टक्के अशी मर्यादा आहे. घटक त्या मर्यादेत असेल तर तो औषध म्हणून पुरेसा आहे असं ठामपणे मांडता येतं. हेडिंग मात्र टॅरिफच, म्हणजे त्या देशाची एचएसवर बेतलेली शुल्काची यादीच, ठरवते.

कडुनिंब, टी ट्री तेल अशा वनस्पतिजन्य क्रीमबाबत लेबल जास्तच कडकपणे वाचा. युरोपीय संघाच्या टॅरिफमध्ये तर चॅप्टर ३० ला अतिरिक्त टीपच जोडलेली आहे: वनस्पतिजन्य औषधाच्या किरकोळ पॅकवर नेमका रोग किंवा लक्षण, क्रियाशील घटकाचं प्रमाण, मात्रा आणि वापरायची रीत हे चारही असलं तरच ३००४. इतर देशांच्या मालालाही मी हीच चाळणी लावून बघतो. जो माल तिच्यातून पार होतो त्यावर सहसा वाद होत नाही.

पायरी ४: ३००३, ३००४ आणि पुढचे दोन अंक

मोजलेल्या मात्रेत किंवा किरकोळ विक्रीच्या पॅकमध्ये आलं तर ३००४. तीच मिश्र क्रीम पिंपात आली आणि इथे ट्यूबमध्ये भरायची असेल तर ३००३. आणि पिंपात क्रीम नसून नुसतं शुद्ध रसायन असेल, समजा सॅलिसिलिक ॲसिड, तर चॅप्टर २९, उपशीर्षक २९१८.२१.

उपशीर्षकात एक नेहमीचा सापळा आहे. बुरशीनाशक म्हणजे अँटिबायोटिक, असा समज करून लोक ३००४.२० लिहितात. क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन, टॉल्नाफ्टेट ही प्रयोगशाळेत बनवलेली बुरशीनाशकं टॅरिफच्या अर्थाने अँटिबायोटिक नाहीत, ती ३००४.९०. निओमायसिन किंवा बॅसिट्रॅसिन असलेलं मलम मात्र ३००४.२०. बुरशीनाशकासोबत हायड्रोकॉर्टिसोन असेल तर ३००४.३२, कारण ते उपशीर्षक कॉर्टिकोस्टेरॉइड असलेल्या औषधांचं आहे. म्हणून घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

पायरी ५: पट्ट्या आणि गाद्या

कुरूपाच्या पट्टीचं एक पाकीट उघडून समोर ठेवा. साधारणपणे तीन थर दिसतात: वरचं चिकट कापड, मधली दाब कमी करणारी गोल चकती आणि तिच्या मधोमध सॅलिसिलिक ॲसिडचा छोटा ठिपका. तो ठिपकाच हेडिंग ठरवतो. औषधी द्रव्याने माखलेली किंवा भिजवलेली पट्टी ३००५, आणि चिकट थर असल्यामुळे ३००५.१०. फोडावरच्या हायड्रोकोलॉइड पट्ट्यांमध्ये औषध नसतं, तरी त्या वैद्यकीय उपयोगासाठी किरकोळ पॅकमध्ये येतात म्हणून त्यांनाही ३००५.१० लागू पडतं.

३००४ च्या शब्दांत त्वचेतून औषध देणाऱ्या प्रणालीही आहेत, त्यामुळे चिकट पट्टी दिसली की गोंधळ होतो. तिथे औषध त्वचा ओलांडून शरीरात जातं. कुरूपाची पट्टी जिथे लावली तिथल्याच घट्ट्यावर काम करते. स्पष्टीकरणात्मक टिपा या दोन वस्तू एकमेकींत मिसळू नका असं सांगतात.

ठिपका काढून टाका, नुसती गादी उरू द्या, की सगळं बदलतं. पायाच्या एखाद्या भागावरचा दाब कमी करणारी साधी साधनं ९०२१ (ऑर्थोपेडिक साधनं) मध्ये येत नाहीत. प्लास्टिकची असतील तर ३९२६, चिकटपट्टीने जाळीवर बसवलेल्या सच्छिद्र रबराची असतील तर ४०१४. सिलिकॉन टॅरिफमध्ये प्लास्टिकच्या चॅप्टरमध्ये मोडतं, म्हणून जेलचं बोटविलगक ३९२६.९०. नमद्याची चिकट गादी असेल तर ती वैद्यकीय उपयोगासाठी किरकोळ पॅकमध्ये आली आहे का ते आधी पडताळा.

पायरी ६: इनसोल, एक की जोडी

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द ‘मेडिकेटेड’चाच भाऊ. चॅप्टर ९० ची टीप ६ त्याची नेमकी व्याख्या देते, आणि ती मला सगळ्या टॅरिफमधली सर्वांत स्वच्छ टीप वाटते. पायाची व्यंगं सुधारण्यासाठीचे खास इनसोल ९०२१.१० मध्ये येतात, पण दोनपैकी एक अट पुरी झाली तरच: ते त्या माणसाच्या मापाने बनवलेले असावेत, किंवा मोठ्या प्रमाणावर बनलेले असतील तर जोडीने न येता एकेक यावेत आणि कुठल्याही पायाला सारखेच बसावेत.

पाकिटात डावा आणि उजवा अशी जोडी असेल, आकार ठरावीक असतील, तर डॉक्टरांनी सुचवलेले असले तरी ते ६४०६.९० (पादत्राणांचे भाग). कोळशाचा थर, वास रोखणारं रसायन, चुंबक, काहीही घातलेलं असो, काढता-घालता येणारे इनसोल आणि टाचेच्या गाद्या ६४०६ मध्येच राहतात. दाब देणारे मोजे ६११५.१०, पाय दाबून देणारं यंत्र ९०१९.१०, नखं कापायची-घासायची हत्यारं ८२१४.२०. यांत वाद फारसा होत नाही.

पायरी ७: संच

एका डबीत सॅलिसिलिक ॲसिडच्या द्रावणाची बाटली, चार गाद्या आणि एक कानस. सहा सर्वसाधारण नियमांतला संचांसाठीचा नियम ३(ख) वापरण्याआधी तीन गोष्टी तपासा: वस्तू किमान दोन वेगवेगळ्या हेडिंगच्या आहेत, त्या एकाच गरजेसाठी एकत्र आणल्या आहेत, आणि ग्राहकाला पुन्हा पॅक न करता तशाच विकता येतात. तिन्ही असेल तर संचाला त्याचं मूळ स्वरूप देणाऱ्या वस्तूचं हेडिंग पूर्ण संचाला लागतं. इथे कुरूप घालवतं ते द्रावण. गादी वेदना कमी करते आणि कानस हाताशी असते. म्हणून ३००४.९०. मूळ स्वरूप ठरेना, तर अंकांच्या क्रमाने शेवटी येणारं हेडिंग घ्या.

पण पायाची क्रीम, मेणबत्ती आणि चहाचा मग अशी भेटवस्तूंची टोपली एकाच गरजेची नाही. तिचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळा कोड द्या.

पायरी ८: कारण लिहून ठेवा, शंका असेल तर आधी विचारा

शुल्काचा फरक मोठा असू शकतो. १९९५ पासूनच्या औषधांच्या करारात सामील असलेल्या देशांत, उदाहरणार्थ अमेरिका, युरोपीय संघ, जपान, चॅप्टर ३० च्या औषधांवर मूळ शुल्क शून्य आहे. म्हणूनच ३००४ लिहिलेल्या क्रीमकडे अधिकारी जास्त बारकाईने बघतात, आणि ते रास्त आहे.

प्रत्येक वस्तूसाठी अर्ध्या पानाचं टिपण करा: रूप काय, कुठली टीप पाहिली आणि ती का लागली किंवा लागली नाही, काम काय, क्रियाशील घटक किती टक्के, लेबलवरचे शब्द जसेच्या तसे, आणि नाकारलेलं हेडिंग कोणतं व का. नाकारलेल्या हेडिंगची ओळ कधीच गाळू नका. शंकापत्र येतं तेव्हा नेमकं तेच हेडिंग त्यात असतं.

युरियाच्या क्रीमसारखा मधला माल असेल आणि खेपा वारंवार येणार असतील तर माल निघण्याआधी सीमाशुल्क खात्याकडे कोडबद्दल आगाऊ निर्णय मागा. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराने, जो २२ फेब्रुवारी २०१७ ला अमलात आला, सदस्य देशांना अशी सोय ठेवायला सांगितलं आहे. युरोपीय संघात असा निर्णय तीन वर्षं बंधनकारक असतो. अर्जासोबत नमुना, घटकांची पूर्ण यादी आणि घडीचं माहितीपत्रक जोडा. मंजूर झालेल्या लेबलमध्ये पुरवठादाराने नंतर एक शब्द जरी बदलला, ‘मऊ करते’च्या जागी ‘बरे करते’ आलं, तर तो जुना निर्णय नव्या पाकिटाला लागू होतो असं धरून चालू नका. नवं पाकीट हातात घेऊन पहिल्या पायरीपासून पुन्हा बघा.